कांचनजुंगा, यालुंग बाजू: कॅम्प चारच्या वर काय होतं आणि परतीचं गणित कसं मांडायचं

कातळवाट

कांचनजुंगाची चर्चा निघाली की ती एव्हरेस्टच्या मापाने होते. उंची अडीचशे मीटरने कमी, गर्दी कमी, म्हणजे प्रकरण थोडं सोपं, असा समज करून घेतला जातो. तो समज या डोंगरावर जिवावर बेततो, म्हणून हा धागा. बोलणं नैऋत्य बाजूच्या, म्हणजे नेपाळातल्या यालुंग हिमनदीवरून जाणाऱ्या नेहमीच्या वाटेपुरतं ठेवू.

आधी उंची. बेस कॅम्प साधारण ५४०० ते ५५०० मीटर, कॅम्प एक ६१०० च्या आसपास, कॅम्प दोन ६४००, कॅम्प तीन ६८०० ते ६९००, कॅम्प चार ७२०० ते ७४००. बर्फाच्या परिस्थितीप्रमाणे तंबूंची जागा दर मोसमात सरकते, त्यामुळे शंभर-दोनशे मीटर इकडेतिकडे धरा.

आता वजाबाकी करा. एव्हरेस्टला साउथ कोल, म्हणजे तिथल्या शेवटच्या कॅम्पची खिंड, सुमारे ७९०० वर आणि माथा ८८४९ वर, म्हणजे शेवटच्या रात्री साडेनऊशे मीटर चढायचे. इथे ७३०० वरून निघून ८५८६ गाठायचं, म्हणजे जवळपास १३०० मीटर. त्या उंचीवर ऑक्सिजन लावूनही बहुतेकांचा वेग तासाला ८० ते १०० मीटर पडतो. नव्वद धरला तर नुसत्या चढाईला चौदा तास लागतात. उतरायला सहा ते आठ. वीस-बावीस तासांचा एकच दिवस, आणि त्यातला अवघड भाग अगदी वर, दमल्यावर.

माझं म्हणणं एवढंच की या डोंगराची तयारी माथ्यापासून उलटी खाली मोजत यायला हवी. माथ्यावर किती वाजता पोचणार, यापेक्षा अंधार पडायच्या आत गँगवेच्या, म्हणजे कॅम्प चारच्या वरच्या उभ्या बर्फाच्या उताराच्या, खाली असू का, हा प्रश्न आधी सोडवायचा. जाणकारांनी भर घालावी.

नकाशावेडा

चांगला विषय. वाट डोळ्यांसमोर यावी म्हणून रचना थोडक्यात सांगतो.

हा डोंगर वरून पाहिला तर फुलीसारखा दिसतो. चार धारा, आणि त्यांच्या बेचक्यांतून चार हिमनद्या: ईशान्येला झेमू, आग्नेयेला तालुंग, नैऋत्येला यालुंग, वायव्येला कांचनजुंगा हिमनदी. पूर्वेची धार पूर्ण सिक्कीममध्ये, पश्चिमेची पूर्ण नेपाळात. उत्तर-दक्षिण धारेवरून देशांची सीमा जाते. त्यामुळे पाच शिखरांपैकी मुख्य (८५८६), मध्य (८४८२) आणि दक्षिण (८४९४) ही तीन सीमेवर येतात, तर यालुंग कांग (८५०५) आणि कांगबाचेन (७९०३) नेपाळच्या हद्दीत. सीमा दक्षिणेला तालुंग, काब्रू, राथोंग करत सिंगलीला डोंगररांगेवर उतरते आणि पुढे सांदकफूवरून जाते. उत्तरेला ती जोंगसोंग शिखरापर्यंत (७४६२) पोचते. तिथे भारत, नेपाळ आणि तिबेट एकत्र येतात.

पाण्याची वाटणीही याच धारेवर होते. पश्चिमेला वितळलेला बर्फ तमोरमधून कोसीला मिळतो, पूर्वेचा तीस्तेतून ब्रह्मपुत्रेला.

उंचीबद्दल एक खुलासा. आपल्याकडच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ८५९८ मीटर असा आकडा अजून छापला जातो. तो जुन्या मोजणीचा आहे. आज सगळीकडे ८५८६ वापरतात.

पूर्वरंग

नावाबद्दलही लगेच. मराठीत 'कांचनगंगा' असं सर्रास लिहिलं जातं. ते ऐकायला गोड आहे, पण चूक आहे. सोन्याशी आणि गंगेशी काही संबंध नाही. मूळ तिबेटी नावात गांग म्हणजे बर्फ, चेन म्हणजे मोठा, जोद म्हणजे खजिना आणि न्गा म्हणजे पाच. मोठ्या हिमाचे पाच खजिने. नाव पाच शिखरांना धरून आहे, म्हणून ते कळलं की डोंगराचा आकारही लक्षात राहतो. कांचनजुंगा किंवा कांचनजंगा, दोन्ही चालेल. 'गंगा' मात्र नको.

कातळवाट

नकाशावेडा, आभार. आता वाट, कॅम्प चारपासून.

कॅम्प चार ज्या रुंद, कललेल्या बर्फाच्या पायरीवर असतो तिला ग्रेट शेल्फ म्हणतात. तिच्या वरच्या टोकापासून डावीकडे, म्हणजे यालुंग कांग आणि मुख्य शिखर यांच्यामधल्या खिंडीकडे, बर्फाची एक सरळ उतरण चढत जाते. ती गँगवे. डोळे मिटून वर चालत राहिलं तर ती खिंडीत नेऊन सोडते. पण माथ्याची वाट खिंडीतून जात नाही. खिंडीच्या खालीच गँगवे सोडून उजवीकडे खडक आणि बर्फ मिसळलेल्या भिंतीवर वळायचं असतं.

सगळी गोम या वळणात आहे. उजवीकडे जाणाऱ्या बर्फाच्या घळी एकापेक्षा जास्त आहेत आणि रात्री हेडलँपच्या पंधरा-वीस मीटरच्या उजेडात त्या सगळ्या सारख्या दिसतात. लवकर वळलं तर घळ वर जाऊन उभ्या खडकात संपते. उशिरा वळलं तर पश्चिम धारेवरच्या सुळक्यांत अडकायला होतं आणि उत्तरेकडून येणारा वारा थेट अंगावर.

चूक नवी नाही. २५ मे १९५५ ला जॉर्ज बँड आणि ज्यो ब्राउन पहिल्यांदा चढले तेव्हा तेही गँगवे लवकर सोडून चुकले होते. परत मागे यावं लागलं, दीड तास गेला. फरक असा की त्यांच्याकडे तो दीड तास होता. चार्ल्स इव्हान्सच्या त्या मोहिमेने शेवटचा, सहावा कॅम्प ८२०० मीटरवर लावला होता. त्यांना शेवटच्या दिवशी चारशे मीटरसुद्धा चढायचे नव्हते. आज तीच चूक झाली तर ती चौदा तासांच्या चढाईच्या मधोमध होते.

रानवाटा

मग आताच्या मोहिमा वरचा कॅम्प का लावत नाहीत? ७७०० किंवा ८२०० ला एक तंबू लावला तर हा सगळा प्रश्नच मिटेल ना?

दोर_आणि_गाठ

रानवाटा, प्रश्न बरोबर आहे, पण ८२०० चा तंबू फुकट मिळत नाही. गँगवेच्या उतारावर सपाट जागा नाही. १९५५ मध्ये बर्फ फोडून ओटा काढावा लागला आणि त्यावरही तंबू नीट मावत नव्हता. शिवाय तंबू, स्टोव्ह, गॅस, स्लीपिंग बॅग आणि झोपेचा ऑक्सिजन हे सगळं अजून नऊशे मीटर वर न्यायचं म्हणजे शेर्पांची एक जादा फेरी. आठ हजारावर रात्र काढली की शरीर सावरत नाही, झिजतं. झोप लागत नाही, जेवण जात नाही.

मधला मार्ग म्हणजे शेल्फच्या वरच्या टोकाला, ७६०० ते ७७०० च्या आसपास तंबू. १९५५ चा पाचवा कॅम्प साधारण तिथेच होता. चारशे मीटर, म्हणजे चार-साडेचार तास वाचतात. हळू चालणाऱ्यांच्या संघाने हा विचार जरूर करावा असं मला वाटतं. दणकट माणसं असतील तर ७३०० वरून एका दमात जाणं ठीक. मात्र तो निर्णय बेस कॅम्पवर व्हायला हवा. कॅम्प चारला पोचल्यावर तंबू वर हलवायची ताकद कोणातच नसते.

आता दोर. या डोंगरावर एव्हरेस्टसारखी सगळ्यांसाठी दोर लावणारी कायमची व्यवस्था नाही. त्या मोसमात जेवढे संघ असतील त्यांच्या शेर्पांनी मिळून काम वाटून घ्यायचं. त्यामुळे दोर कोणाचा, किती आणि कुठपर्यंत, हे आधी कागदावर ठरलेलं हवं. ढोबळ हिशोब असा:

गँगवेची उंची पाचशे मीटर आणि उतार ४५ अंश धरला तर दोराची लांबी सातशे मीटर होते. गाठी, अँकर (दोर अडकवायचे पक्के आधार) आणि ढील यांना दहा टक्के. म्हणजे २०० मीटरची चार भेंडोळी. वरचे तीनशे मीटर तिरके आणि वळणाचे, तिथे उंचीच्या दुप्पट दोर धरा, अजून तीन भेंडोळी. सात झाली. ८ मिलिमीटरचा नायलॉनचा दोर मीटरला साधारण ४० ग्रॅम भरतो, म्हणजे भेंडोळं ८ किलोचं आणि एकूण ५६ किलो. वर स्नो बार, आइस स्क्रू, पिटॉन (बर्फात आणि खडकात ठोकायचे खिळे) वेगळे. पाठीवर ऑक्सिजनचे दोन सिलिंडर असताना माणूस एकापेक्षा जास्त भेंडोळं उचलू शकत नाही. सात भेंडोळी म्हणजे सात पाठी. 'दोन शेर्पा पुढे जाऊन दोर लावतील' असं जे म्हटलं जातं त्यात हे वजन कोणी मोजलेलं नसतं, आणि मग दोर संपतो तो नेमका खडकाळ भागात, जिथे तो उतरताना सगळ्यात जास्त हवा असतो.

जुन्या मोसमातले दोर दिसतील. त्यांना जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) लावू नका. अतिनील किरणांनी वरचं आवरण पांढरं, खरबरीत होतं आणि आत दोर कुठे दगडाने कापलाय ते दिसत नाही. वाटेची खूण म्हणून उपयोग करायचा, तोही सांभाळून, कारण चुकीच्या घळीतही जुने दोर आहेत.

मृगजळ

ऑक्सिजनचा हिशोब कोणी नीट मांडेल का? एजन्सीच्या पत्रकात 'माणशी चार सिलिंडर' एवढंच असतं.

वैद्य_५५००

मृगजळ, मांडते. ४ लिटरचं सिलिंडर ३०० बारला (हवेच्या दाबाच्या साधारण तीनशेपट) भरलं की त्यात १२०० लिटर वायू बसतो. मिनिटाला २ लिटर सोडला तर दहा तास, ३ लिटरला सहा तास चाळीस मिनिटं, ४ लिटरला पाच तास.

बावीस तासांचा दिवस सरसकट २ लिटरवर काढला तर २६४० लिटर लागतो, म्हणजे सव्वादोन सिलिंडर. प्रत्यक्षात गँगवेवर आणि वरच्या खडकात लोक ३ ते ४ वर नेतात. चौदा तास चढाई ३ लिटरने म्हणजे २५२० लिटर, आठ तास उतरण २ लिटरने म्हणजे ९६० लिटर. बेरीज ३४८०, जवळजवळ तीन सिलिंडर पूर्ण रिकामी. निघायच्या आधी कॅम्प चारला अर्ध्या लिटरवर आठ तास पडून राहिलं तर आणखी २४० लिटर. चौथं सिलिंडर हीच काय ती शिल्लक. ते चढताना उघडलं की परतीचं काही उरलं नाही असं समजायचं. आणि शेर्पांचा ऑक्सिजन वेगळा मोजायचा. त्यांच्या वाट्यातून आपली तूट भरून काढणं हा हिशोब नव्हे.

ऑक्सिजन मधेच संपणं हे पहिल्यापासून न वापरण्यापेक्षा वाईट. शरीर ज्या पातळीला सरावलेलं असतं तिथून ते एका क्षणात हजार-दीड हजार मीटर वर फेकल्यासारखं होतं. पाय थांबतात, बोटं थंड पडतात, आणि माणसाला ते जाणवत नाही कारण विचारच मंदावलेला असतो.

मृगजळ

आणि गेज? बेस कॅम्पला भरलेलं सिलिंडर वर नेल्यावर काटा खाली दिसतो अशी तक्रार असते. गळती समजायची का?

वैद्य_५५००

लगेच तसं समजू नका. वायू थंड झाला की दाब उतरतो, वायू तेवढाच असतो. २० अंशाला ३०० बार असलेलं सिलिंडर उणे २५ अंशाला साधारण २५५ बार दाखवतं. म्हणजे ४५ बारचा फरक नुसत्या थंडीचा. २५५ च्याही बराच खाली असेल तर गळती किंवा कमी भरणा. म्हणून प्रत्येक सिलिंडरचा काटा बेस कॅम्पला वाचायचा, त्या वेळचं तापमान शेजारी लिहायचं आणि पट्टी सिलिंडरलाच चिकटवायची.

गळती बहुतेक वेळा रेग्युलेटरच्या (प्रवाह कमीजास्त करणाऱ्या चावीच्या) आट्यांपाशी होते. सिलिंडर बदलायचं काम बसून, स्वतःला अँकरला अडकवून, आतले पातळ हातमोजे ठेवून करायचं. आट्यांत बर्फाचा एक कण राहिला तरी रेग्युलेटर तिरका बसतो. आधी तोंड कापडाने पुसायचं, मग पहिले दोन आटे अगदी हलक्या हाताने उलटे फिरवून 'टक्' लागल्यावर सुलटे घ्यायचे. सुसकारा ऐकू आला तर थांबून परत. मास्कच्या श्वास बाहेर सोडणाऱ्या झडपेखाली लाळेचं आणि वाफेचं पाणी गोठतं. दर अर्ध्या तासाने ती रबराची कड बोटांनी चेपून बर्फ मोडायचा. श्वास जड झाला की प्रवाह वाढवण्याआधी ही झडप पाहायची. निम्म्या वेळा तिथेच अडलेलं असतं.

हवामानखूण

निघायची वेळ ठरवताना हवेचं बोलूया.

कांचनजुंगा हिमालयाच्या मुख्य रांगेच्या थोडी दक्षिणेला आणि एव्हरेस्टच्या बरीच पूर्वेला आहे. बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या बाष्पाला मध्ये मोठा अडसर नाही. त्यामुळे मे महिन्यातही दुपारी ढग भरून येऊन बर्फ पडणं नेहमीचं, आणि मोसमी पाऊस सिक्कीम-दार्जिलिंगकडे जूनच्या सुरुवातीला येऊन ठेपतो. जेट वारा, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा सोसाट्याचा वारा, वर उत्तरेला सरकणं आणि पाऊस येणं यांच्यामधली फट बारीक. १९५५ ची चढाई २५ मेची, १९७७ ची भारतीय चढाई ३१ मेची, २०१९ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा जण १५ मेला माथ्यावर, २०२२ मध्ये साताऱ्याच्या प्रियांका मोहिते ५ मेला. सगळ्या तारखा एकाच महिन्यात आहेत, पण त्या महिन्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेल्या.

अंदाज वाचताना एक सोय लक्षात ठेवा. मे महिन्यात ४०० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं माप) दाबाची पातळी साधारण साडेसात हजार मीटरवर येते आणि ३०० ची साडेनऊ हजारांच्या वर. माथा या दोन्हींच्या मधे. दोन्ही पातळ्यांचा वारा पाहायचा. ४०० ला शांत आणि ३०० ला सोसाट्याचा असेल तर कॅम्प चार छान वाटेल आणि खडकाळ भागात उभं राहता येणार नाही. ताशी तीस किलोमीटरच्या वर असेल तर थांबावं. आणि इथे एका दिवसाची फट पुरत नाही. दिवस वीस तासांचा आणि दुसऱ्या दिवशी कॅम्प चारहून खाली यायचं. सलग दोन दिवस चांगले हवेत.

कातळवाट

यावरून वेळापत्रक. संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान निघायचं. उजाडताना, पाचच्या सुमारास, गँगवेच्या वरच्या भागात असायला हवं, म्हणजे वळण दिवसाउजेडी सापडतं. जो संघ पाच वाजता अजून शेल्फवर असेल तो उशीर झालेला संघ आहे, कितीही ताजातवाना वाटला तरी. परत फिरायची वेळ दुपारी बारा, फार तर एक. त्याला अपवाद ठेवायचा नाही. अपवाद ठरवणारा माणूस त्या वेळी ८४०० मीटरवर असतो.

या डोंगरावरचे अपघात पाहा. मे २०१३ मध्ये पाच जण गेले, सगळे उतरताना. १५ मे २०१९ ला महाराष्ट्राच्या दहा जणांनी माथा गाठला त्याच वेळी पश्चिम बंगालचे दोन गिर्यारोहक कॅम्प चारच्या वर दगावले. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. नेटवर 'समिट झालं' ही बातमी आधी येते आणि परतीची नंतर, त्यामुळे आपल्या मनात मोहीम माथ्यावर संपते.

रानवाटा

वरचा खडकाचा टप्पा, ज्याला ज्यो ब्राउनची भेग म्हणतात, तो चढावाच लागतो का? सह्याद्रीतल्या सुळक्यांवर सराव असलेल्यांना तो जमावा.

दोर_आणि_गाठ

चढावा लागत नाही. बँड आणि ब्राउन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, २६ मे १९५५ ला, नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीदर यांना भेगेच्या उजवीकडून वळसा घालून जाणारी बर्फाची सोपी वाट सापडली. आज तीच वापरतात.

सह्याद्रीतला सराव उपयोगी आहेच. जुमारिंग, अँकर बदलणं, अंधारात गाठ ओळखणं हे हाताला बसलेलं असतं. पण तो सराव उघड्या हातांनी झालेला असतो. जाड मिटन (बोटं एकत्र असणारे हातमोजे) घालून कॅराबिनर (दोराची कडी) उघडणं, फिगर-एट या उतरायच्या साधनात दोर भरणं, क्रॅम्पॉनचा (बुटाखाली बांधायच्या दातेरी पट्ट्यांचा) पट्टा ओढणं याची वेगळी तालीम करा. घरच्या छतावर, रात्री, डोळ्यांवर पट्टी बांधून, शंभर-शंभर वेळा. मिटनना मनगटाची दोरी हवी. मिटन उडाला की पुढच्या अर्ध्या तासात बोटांचा निर्णय लागतो. जादा जोडी बाहेरच्या खिशात नव्हे, छातीपाशी.

आणि खडकावर क्रॅम्पॉन घालून चालण्याचा सराव. पुढचे दोन दात एका कंगोऱ्यावर टेकवून टाच स्थिर ठेवायची. टाच वर उचलली की दात निसटतात. हे उतरताना दहापट अवघड जातं.

मृगजळ

पाण्याचं काय? वीस तासांना किती न्यायचं?

कातळवाट

दोन लिटर तरी. एक लिटरची बाटली डाउन सूटच्या (पिसांच्या अंगभर पोशाखाच्या) आत, दुसरी थर्मासमध्ये. पाण्याच्या पिशवीची नळी विसरा, ती पहिल्या तासात गोठते.

कॅम्प चारला ते पाणी करायला लागणारा वेळ लोक कमी धरतात. एक किलो बर्फ शून्य अंशावर नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, जवळजवळ तेवढीच तो पाऊणशे अंशांपर्यंत तापवायला लागते. त्या उंचीवर पाणी पंचाहत्तर-शहात्तर अंशालाच उकळतं, त्यामुळे भात, डाळ विसरा. सातू, सूप, गुळाचं पाणी. गॅस निवडताना प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण घ्या. साधं ब्युटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं. दोघांना निघण्याआधीचं पिणं, जेवण आणि बाटल्या मिळून आठ लिटर पाणी लागतं, आणि त्याला तीन-चार तास जातात. दुपारी दोनला कॅम्प चारला पोचून संध्याकाळी सातला निघायचं म्हटलं तर विश्रांती उरत नाही. सकाळी लवकर कॅम्प तीन सोडा.

वैद्य_५५००

औषधांबद्दल थोडक्यात. मात्रा आपल्या डॉक्टरांकडून पक्की करूनच घ्या. विरळ हवेचा त्रास टाळायला अॅसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी विचारा. मेंदूला सूज आली, तोल जाऊ लागला, तर डेक्सामेथासोन आधी ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४. फुप्फुसात पाणी झाल्यास निफेडिपिनची हळू विरघळणारी ३० मिलिग्रॅमची गोळी बारा तासांनी. यातलं काहीही घेतलं तरी उपाय एकच: खाली उतरणं. डेक्सा घेऊन वर चढत राहायचं हा प्रकार अलीकडे ऐकू येतो, तो थांबायला हवा. गोळीचा असर उतरतो तेव्हा माणूस आणखी वर आणि आणखी एकटा असतो.

हिमदंशाला चोळू नये, बर्फ तर अजिबात लावू नये. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवून गरम करायचं, पण तेव्हाच जेव्हा भाग पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल. कॅम्प चारला वितळवलेली बोटं घेऊन चालत खाली यायचं म्हणजे ती दुसऱ्यांदा गोठवणं. तिथे कोरडं झाकून ठेवा, पाण्यात बुडवणं बेस कॅम्पला.

पूर्वरंग

सिक्कीमकडून चढता येईल का, असं नेहमी विचारलं जातं. येत नाही. सिक्कीममध्ये हा डोंगर रक्षक देवता आहे. पांग ल्हाबसोल हा त्याचा सण तिबेटी पंचांगाच्या सातव्या महिन्यातल्या पौर्णिमेला येतो. राज्य सरकारने २००१ च्या अधिसूचनेने पवित्र शिखरांवरची चढाई बंद केली आहे, त्यात हे शिखर आहे. त्याआधी १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याने झेमू हिमनदीकडून ईशान्य धारेने चढाई केली. मेजर प्रेम चंद आणि नाईक निमा दोर्जे शेर्पा माथ्याजवळ पोचले. या डोंगराची ती दुसरीच चढाई, पहिल्यानंतर बावीस वर्षांनी, आणि तीही जर्मन मोहिमांना १९२९ आणि १९३१ मध्ये परत फिरवणाऱ्या धारेवरून. आपल्याकडे हे पराक्रम पुरेसे सांगितले जात नाहीत याची खंत वाटते.

'जवळ पोचले' असं मुद्दाम लिहिलं. १९५५ च्या संघाने सिक्कीमच्या चोग्यालना (राजाला) शब्द दिला होता की माथ्यावर पाय ठेवणार नाही, आणि ते काही फूट खाली थांबले. १९७७ च्या संघानेही तेच केलं. नेपाळकडून जाणारे अनेक जण आजही ते पाळतात. मराठी संघांनीही पाळावं. शेवटच्या त्या चार पावलांनी उंचीत काही भर पडत नाही, आणि खालच्या गावांतल्या माणसांच्या लेखी ती चार पावलं फार मोठी आहेत.

नकाशावेडा

सीमेचा म्हणून एक अगदी व्यावहारिक मुद्दा. सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट संदेशयंत्रं भारतातून नेऊ-आणू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती भारतात बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर ती सापडल्याने प्रवासी अडकले आहेत. काठमांडूत भाड्याने घ्या, तिथली परवानगी एजन्सीकडून काढून घ्या, आणि परतताना तिथेच परत करा. सीमेवरच्या काकडभिट्टामार्गे रस्त्याने परतलात तरी नियम तोच.

चढाई नव्हे, नुसतं दर्शन हवं असेल त्यांना काठमांडूला जायचं अंतर वाचवता येतं. बागडोगरा, काकडभिट्टा, इलाम, फिदिम, ताप्लेजुंग हा गाडीरस्ता आहे. मात्र हा भाग नेपाळच्या प्रतिबंधित परवान्यात येतो आणि तो परवाना नोंदणीकृत एजन्सीमार्फतच निघतो, त्यामुळे कागद आधी झालेले हवेत. यालुंग बाजूला चेराम (३८७०), रामचे (४५८०) आणि पुढे ओक्तांगपर्यंत गेलं की नैऋत्य भिंत समोर उभी राहते. दुर्बिणीतून शेल्फ आणि गँगवे ओळखता येतात. उत्तरेची बाजू पाहायची तर घुन्सा (३५९५), कांबाचेन, ल्होनाक करत पांगपेमा (५१४३). हिमनदीच्या कडेचे मातीचे कडे दरवर्षी ढासळतात. जुना जीपीएस ट्रॅक घेऊन त्या कडेने चालू नका, स्थानिक वाटाड्याची वाट धरा. सिक्कीमकडून युकसोम, झोंगरी, थानसिंग करत गोएचा ला या खिंडीच्या बाजूला गेलं तर आग्नेयेचा चेहरा मिळतो.

रानवाटा

कातळवाट, मूळ मुद्द्यावर एकच शेवटचा प्रश्न. गँगवेचं वळण चढताना उजेडात सापडलं, तरी उतरताना ढग आले तर? दोर तिथपर्यंत सलग असेलच असं नाही.

कातळवाट

म्हणूनच काड्या. बांबूच्या, मीटरभर लांब, वीस-पंचवीस, टोकाला लाल कापड. एकूण वजन दोन किलोच्या आत. बहुतेक संघ त्या खाली हिमनदीवर वापरतात आणि वर नेत नाहीत. इथे त्या वरच लागतात.

गँगवेवर वळणाच्या जागी दोन काड्या फुलीसारख्या रोवायच्या. तिथून वर खडकापर्यंत दर पंधरा मीटरला एक, म्हणजे हेडलँपच्या उजेडात एकीपाशी उभं राहून पुढची दिसेल. खाली शेल्फवर ढगात दिशा सर्वात लवकर हरवते, तिथे गँगवेच्या पायथ्यापासून तंबूंकडे जाणारी ओळ करा. काडी किमान चाळीस सेंटिमीटर आत जाऊ द्या, दुपारच्या वाऱ्यात उथळ रोवलेली उपटून जाते. चमकणारी पट्टी लावताना ती काडीच्या वरच्या बाजूला, माथ्याकडे तोंड करून लावायची. चढणारे ती खालच्या बाजूला लावतात, कारण लावताना आपण खालून वर पाहत असतो. आणि रोवलेल्या काड्या मोजून आकडा सगळ्यांना सांगायचा, म्हणजे उतरताना अकरावी सापडली आणि बारावी नाही, तर अकरावीपाशीच थांबून एकाने दोर धरून शोधायचं, बाकीच्यांनी हलायचं नाही.